बॉनेटखालची कळकलेली तार

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी गाडीचं बॉनेट स्वतःच्या हाताने उघडलंय? मी तेरा वर्षं गाडी चालवत होते, पण बॉनेटखाली काय आहे ते कधी डोकावून पाहिलं नव्हतं. पाणी घालायचं असलं तरी ‘ह्यां’ना हाक मारायची. त्या बाबतीत माझी अवस्था म्हणजे रोज गॅसवर स्वयंपाक करायचा आणि रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरतो ते ठाऊक नाही, अशी!

जुलै २०२३ मधली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एका बाईंची सून दिवस भरलेली होती. मुलगा मुंबईला. गुहागर रस्त्यावरच्या आतल्या वाडीत घर. रात्री आठ वाजता त्यांचा फोन आला, “ताई, कळा सुरू झाल्यात. १०८ ला फोन केला, जवळची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलीय. तासभर तरी लागेल म्हणतायत.” मी छत्री घेतली, किल्ली घेतली आणि निघाले. आमची मारुती ८००. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, १९९८ साली शाळेतून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून घेतलेली. दिसायला म्हातारी, पण इंजिन अजून खणखणीत.

जाताना काही झालं नाही. येताना मागच्या सीटवर सासू-सून, धो धो पाऊस, वायपर जोरात. एका वळणावर हेडलाइट लुकलुकले, परत लागले, आणि पुढच्या वळणावर दोन्ही एकदम विझले. समोर मिट्ट काळोख! मी ब्रेक दाबला तोवर वास आला. इस्त्रीच्या वायरचं प्लॅस्टिक जळल्यावर येतो ना, तसाच. बॉनेटच्या फटीतून धूर. गाडी बंद केली, किल्ली काढली, लाइटचं बटण फिरवलं, हँडब्रेक ओढला आणि त्या पोरीला तशा पावसात खाली उतरवलं. किल्ली काढल्यावर धूर थांबेल असं मला वाटलं होतं. थांबला नाही.

हे मला नंतर कळलं, पण आत्ताच सांगते. किल्ली काढली तरी बॅटरीतून काही वायरींमध्ये वीज असतेच. त्या वायरी वितळून एकमेकींना किंवा गाडीच्या पत्र्याला चिकटल्या की बॅटरी संपेपर्यंत जळत राहतात. त्या वेळी एकच उपाय, बॅटरीची तार सोडवायची. त्यासाठी दहा नंबरचा पाना लागतो. माझ्या पर्समध्ये त्या दिवशी रुमाल, गोळ्यांची पाकिटं, गटाचं पासबुक, दोन पेन आणि बडीशेप होती. पाना नव्हता.

देवाच्या कृपेने मागून दुधाचा टेंपो आला. त्या पोराने बॉनेट एकदम उघडू दिलं नाही. म्हणाला, “मावशी, आत जाळ असला तर वारा लागून भडकेल.” आधी बोटभर उघडून पाहिलं. जाळ नव्हता, नुसता धूर होता. मग त्याने पाना काढून बॅटरीची काळी तार आधी सोडवली. धूर हळूहळू थांबला. मग त्या दोघींना टेंपोच्या केबिनमध्ये बसवून तो सरकारी रुग्णालयात घेऊन गेला. रात्री अकराला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी मात्र घरी येऊन अंथरुणावर पडले तरी डोळा लागेना. त्या वळणावर टेंपो आला नसता तर? आणि मुळात ही गाडी रस्त्यावर आणायच्या लायकीची आहे की नाही, हे मी कधी तपासलं होतं का?

दुसऱ्या दिवशी घरात चर्चा. ह्यांचं म्हणणं, विकून टाकू. भंगारवाल्याने अठरा हजार सांगितले. धाकट्या दिरांचं म्हणणं, टेप गुंडाळून घ्या आणि कुणाला तरी देऊन टाका. ते ऐकून मला कसंसंच झालं. जी गाडी आपल्याला नको, ती टेप लावून दुसऱ्याच्या गळ्यात मारायची? नाना काहीच बोलले नाहीत. ओटीवरच्या खुर्चीत बसून गाडीकडे बघत होते.

जरा मागचं सांगते. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. वाशिष्ठीचं पाणी पहाटे बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता घराघरांत चढलं. आम्ही माडीवर गेलो. गाडी अंगणात. पाणी तिच्या स्टिअरिंगच्या वर होतं. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढायलाच आठ दिवस गेले, गाडीकडे कोण बघतंय! तिसऱ्या दिवशी ह्यांनी ‘बघू तरी’ म्हणून किल्ली फिरवली. तीच मोठी चूक. पाण्यात बुडलेल्या गाडीची किल्ली फिरवायचीच नाही. आधी बॅटरी सोडवायची, मग गोड्या पाण्याने धुऊन गाडी नीट वाळवायची आणि मगच जाणत्या माणसाला दाखवायची. आमचा विमाही नुसता थर्ड पार्टीचा. त्यात पुराची भरपाई मिळत नाही, हे तेव्हा समजलं. एका गॅरेजवाल्याने ऑइल बदललं, नवी बॅटरी घातली, वायरींना काळी टेप गुंडाळली आणि “झाली बघा नवी” म्हणून परत दिली. गाडी चालली, आम्ही विसरून गेलो.

आता गाडी जागची हलत नव्हती, म्हणून आमच्या भागातले जुने वायरमन चाचा घरीच आले. साठीच्या पुढचे. ॲम्बॅसिडर, फियाट, जीप, सगळ्यांच्या वायरिंगमध्ये त्यांची हयात गेली. अंगणात ताडपत्री बांधली. चाचांनी जळलेल्या भागापासून हातभर लांबची, वरून धडधाकट दिसणारी एक वायर कापली, तिचं प्लॅस्टिक सोललं आणि माझ्या तळहातावर ठेवली. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती. बोटाने चोळली तर हिरवट काळी पूड निघाली.

“चाचा, ही तर कळकलीय!” माझ्या तोंडून निघून गेलं.

ते हसले. “बरोबर बोललात ताई. तुमच्या पितळी पातेल्यात ताक ठेवल्यावर होतं ना, तेच.”

त्या क्षणी मला गाडीचं वायरिंग अर्धं समजलं म्हणा ना! पुराचं घाण पाणी वायरीच्या टोकातून आत शिरलं आणि तारांच्या मधून केसाकेसाने पुढे सरकत राहिलं. वरून टेप लावल्याने ते वाळलं नाहीच, उलट आतच कोंडलं. दोन वर्षं तांबं आतून खात राहिलं. अशा तारेतून वीज जाताना अडते आणि जिथे अडते तिथे तार तापते. त्यात इंजिनाची उष्णता. वायरीचं प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, ते वर्षानुवर्षांच्या धगीने उडून जातं. पंचवीस वर्षांच्या वायरी चाचांनी नुसत्या वाकवल्या तर वरचं प्लॅस्टिक शिळ्या पापडासारखं तडकत होतं.

पण एवढ्यानेच धूर निघाला नव्हता. चाचांनी हेडलाइटचा बल्ब काढला, चष्मा वर करून वाचला आणि मला दाखवला. १००/९० वॅट. कंपनीचा असतो ६०/५५ चा. मग फ्यूजची पेटी उघडली. पात्याच्या फ्यूजना रंग ठरलेले असतात, लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. हेडलाइटच्या जागी निळ्याऐवजी हिरवा, म्हणजे दुप्पट ताकदीचा!

इथे थोडा हिशेब सांगते, कंटाळू नका. मी कला शाखेची, मलाही गणित नको असतं. पण हा हिशेब चाचांनी कॅलेंडरच्या मागे मांडून दाखवला आणि तो पटला. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. तिथे ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअर वीज ओढतो. गाडीत फक्त बारा व्होल्ट, म्हणून तोच ६० वॅटचा दिवा पाच अँपिअर ओढतो. दोन दिव्यांचे दहा. शंभर वॅटचे लावले की जवळजवळ सतरा. आणि तार तापते ती विजेच्या वर्गाने, म्हणजे वीज दुप्पट तर उष्णता चौपट. आमच्या बाबतीत पावणेतीन पट. आधीच कळकलेली तार आणि तिच्यावर हा बोजा. अशा वेळी फ्यूज उडायला हवा. फ्यूज असतो तो वायरीला वाचवायला. पण तोच मोठा घातलेला, मग आधी वायर जळणार नाहीतर काय! सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा फ्यूजच्या जागी लावणारी माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या गाडीत तसलं काही असेल तर आजच काढून टाका.

ते बल्ब कुणी लावले ते मला ठाऊक होतं. २००९ च्या सुमारास नानांनीच. मी ओटीकडे पाहिलं. नाना पेपर वाचत होते, निदान पेपर तोंडासमोर होता. मी बल्ब पदरात घेतला आणि आत नेऊन ठेवला. एवढ्या वयात त्यांना काय सांगायचं?

चाचांनी दोन पर्याय दिले. जळलेला तुकडा कापून जोड द्यायचा, पाचशे रुपयांत काम. किंवा इंजिनाच्या खणातलं सगळं वायरिंग काढून नवं घालायचं, सामान धरून साडेनऊ हजार आणि चार दिवस. “जोड दिलात तर मी पैसे घेईन, पण त्या गाडीत माझ्या सुनेला बसवणार नाही,” असं ते म्हणाल्यावर माझा निर्णय झाला. पासिंगची तारीखही तोंडावर आली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते आणि २०२२ च्या एप्रिलपासून त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं होतं. म्हणजे एकूण खर्च पंधरा हजारांच्या घरात. ह्यांनी कपाळाला हात लावला. मी गटातून दहा हजारांचं कर्ज घेतलं, सगळ्याजणींना जे व्याज तेच मला. अर्ज वाचल्यावर बायका म्हणाल्या, “ताई, गाडी आमच्यासाठीच तर पळते.” एक म्हातारी बाई पुढे म्हणाली, “पळते, पण आता पेटू देऊ नका.” सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

त्या चार दिवसांत मी चाचांची बिगारी झाले. पहिलं काम चिठ्ठ्यांचं. एकही वायर सोडवण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना कापडी पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहायचं, ‘डावा हेडलाइट डिप्पर’, ‘हॉर्न’, ‘पंखा’, ‘ऑइलचा बल्ब’. लेकीने मोबाइलवर फोटो काढले. शिवणाच्या क्लासात ब्लाऊजच्या तुकड्यांना खडूने खुणा करायची सवय होती, ती कामी आली. चाचा म्हणाले, “माझा पोऱ्या एवढं नीट लिहीत नाही.” मला अगदी पहिल्या नंबराचं बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं!

दुसरं शिकले ते वायर निवडायला. घरच्या फिटिंगची वायर गाडीत चालत नाही. गाडी सतत थरथरते आणि जाड एकेरी तार थरथरून तुटते. गाडीला बारीक बारीक तारांची, तेल आणि उष्णता सोसणारी वायर लागते. पार्किंगच्या दिव्याला बारीक, हेडलाइटला अडीच एमएमची, डायनामोकडून बॅटरीकडे येणारी त्याहून जाड आणि सेल्फची तर करंगळीएवढी. सेल्फ मारताना शंभरावर अँपिअर वाहतात आणि त्या केबलला फ्यूज नसतो, म्हणून ती पत्र्याच्या धारेला घासणार नाही हे चाचा पुन्हा पुन्हा हात फिरवून बघत होते. रंगही जुन्या वायरीचेच घेतले. दुकानदार म्हणाला, सगळी लालच न्या, स्वस्त पडेल. चाचांनी ऐकलं नाही. “उद्या मी नसेन. दुसरा वायरमन आला तर त्याला कळायला नको?”

टोकं पिळून टेप लावायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. प्रत्येक टोकाला कल्हईचं लग पक्कडीने दाबून बसवलं, वरून नळी चढवून ती गरम हवेने आवळली. कल्हई म्हटल्यावर मला पुन्हा माझी भांडी आठवली. मग सगळ्या वायरींची वेणी करून तिच्यावर कापडी टेप. प्लॅस्टिकच्या टेपचा गोंद उष्णतेने पाघळतो आणि वर्षभरात ती सुटते. ही वेणी सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब नेली. इंजिनाच्या खणातून वायरी आत जातात त्या भोकाला रबरी बूच असतं, ते कडक झालं होतं, नवं बसवलं. तिथे चाचांनी वायरी सरळ आत न घालता खाली वाकवून मग वर घेतल्या. मी विचारलं, कशाला? “पागोळी कुठे पडते ताई? कौलाच्या टोकाला. पाणी वायरीवरून ओघळलं तर इथे खाली पडेल, आत जाणार नाही.”

हेडलाइटला त्यांनी दोन रिले बसवले. आधी दिव्यांची सगळी वीज स्टिअरिंगजवळच्या नाजूक बटणातून फिरून यायची. आता बटण फक्त रिलेला निरोप देतं, आणि बॅटरीकडून येणारी जाड वायर, स्वतंत्र फ्यूजमधून, जवळच्या वाटेने दिव्याला वीज देते. शेतातल्या पाण्याच्या पंपाला स्टार्टर असतो ना, तसंच. आणि शेवटी अर्थिंग. बॅटरीकडून बॉडीला आणि इंजिनाला जाणारे पट्टे पार सडले होते. इंजिनाचा पट्टा सडला की सेल्फची वीज परत यायला दुसरी वाट शोधते, क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते आणि ती केबल तापते. माझी ॲक्सिलरेटरची केबल गेल्या दोन वर्षांत तीनदा का बदलावी लागली, त्याचं उत्तर बहुधा इथेच मिळालं. दर वेळी मला सांगितलं होतं, “बायका पाय जोरात दाबतात!”

तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा जेवायला बसले होते. नाना काठी टेकत अंगणात आले आणि काढलेल्या सामानाच्या ढिगातून जळलेला होल्डर उचलला. बराच वेळ बघत राहिले.

“बल्ब कुठाय?” त्यांनी मला विचारलं.

मी गप्प.

“मीच बसवले होते. तेव्हा रात्रीचं नीट दिसेनासं झालं होतं. मला वाटलं... म्हणजे मला माहीत होतं, मोतीबिंदू आहे. घरात सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीत.” थोडं थांबून म्हणाले, “फ्यूज सारखा उडायचा, म्हणून मोठा आणला. ती पोरगी बरी आहे ना?”

“बरी आहे नाना. बाळही बरं आहे.”

चाचा हात धुऊन आले होते. त्यांनी ऐकलं असावं. म्हणाले, “मास्तर, तुमचे बल्ब बारा वर्षं चालले. पुराचं पाणी शिरलं नसतं तर अजून चालले असते.” खरं तर हे पूर्ण खरं नाही, ते बल्ब रस्त्यावर लावायला परवानगीच नसते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. पण चाचा तसं म्हणाले आणि मलाही त्या वेळी ते बरोबर वाटलं.

मी मात्र नानांना आणखी काही बोलले नाही, कारण तशीच चूक मीही करत होते. गेले सहा महिने उजेड कमी वाटत होता, हॉर्न रडत होता, इंडिकेटर दिल्यावर दुसरेही दिवे मिणमिणत होते. मी म्हणत होते, पावसाळा संपला की बघू.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बॅटरी जोडली. आधी लाल तार, मग काळी. सोडवताना उलट, काळी आधी. कारण काळी गाडीच्या सगळ्या पत्र्याला जोडलेली असते, आणि ती तशीच ठेवून लाल सोडवायला गेलं नि पाना पत्र्याला टेकला की ठिणग्या उडतात. चाचांनी जुनं वायरिंग काढण्याआधी हेडलाइटच्या होल्डरवर मीटर लावून पाहिला होता. जुनीच वायर तात्पुरती जोडली तेव्हा बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि दिव्यापाशी दहा पूर्णांक तीन. दाब दहा टक्क्यांनी उतरला तरी उजेड साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. आमचा तर निम्म्यावर आला होता. आता दिव्यापाशी बारा पूर्णांक एक. इंजिन चालू केल्यावर बॅटरीवर चौदा, म्हणजे डायनामोही ठीक. मीटर मी धरला होता आणि आकडे मीच वाचले.

पासिंग ऑगस्टमध्ये झालं. गटाचं कर्ज मी दहा हप्त्यांत फेडलं. दहा नंबरचा पाना आता पर्समध्येच असतो, बडीशेपेच्या डबीशेजारी. त्या मुलीच्या बारशाला आम्ही त्याच गाडीने गेलो. आता ती दोन वर्षांची होऊन गेलीय. आणि बॉनेट मी दर महिन्याला उघडते. वायरींवरून हात फिरवते, कुठे कडक झालीय, कुठे उंदराने कुरतडलीय, बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं साठलंय का, ते बघते. मटार सोलायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही.

पण त्या चौथ्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली. चाचा गेले, अंधार पडला. मी गाडी कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि हेडलाइट लावले. भिंत लख्ख उजळली. छातीएवढ्या उंचीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे, तीही स्पष्ट दिसली. नाना ओटीवरून उठून पायरीशी आले.

“किती वॅटचे घातलेस?”

“साठ-पंचावन्नच, नाना. कंपनीचे असतात तेच.”

ते भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बंद कर आता. बॅटरी उतरेल.”